जिवाणू खताचं पाकीट: मागची सव्वाशे वर्षं

मृग जवळ आला की कृषी सेवा केंद्रांत रायझोबियम या जिवाणू खताची २५० ग्रॅमची पाकिटं दिसू लागतात. काळी भुकटी, किंमत किरकोळ, आणि 'त्याने काही होत नाही' असं म्हणणारा एक तरी गिऱ्हाईक दुकानात असतोच.

हरभरा-तुरीच्या बेवडावर, म्हणजे ते पीक निघालेल्या रानात, पुढचं पीक जोमदार येतं, हे शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक. त्याचं कारण १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी मांडलं: कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींमुळे हवेतलं नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळतं. १८८८ मध्ये नेदरलँड्सच्या बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू, म्हणजेच रायझोबियम, वेगळा काढला. पुढच्या दशकात नोबे आणि हिल्टनर यांचं 'नायट्राजिन' हे जिवाणू खत बाजारातही आलं.

भारतात एन. व्ही. जोशी यांचा रायझोबियमवरचा अभ्यास १९२० चा. व्यापारी उत्पादनाला मात्र १९५६ उजाडलं. खरी निकड भासली ती सोयाबीनमुळे. तूर, मूग, चवळीला चालणारे जिवाणू आपल्या मातीत होतेच. सोयाबीन पडलं परकं. त्याला लागणारा ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू नव्या रानात जवळजवळ नसायचा, म्हणून तो बियाण्याला चोळूनच द्यावा लागे. सोयाबीन आधी मध्य प्रदेशात रुजलं, मग विदर्भ-मराठवाड्यात पसरलं, आणि बीजप्रक्रिया हा शब्द गावोगाव पोचला.

जिवाणू लागला की नाही, हे फुलोऱ्याच्या सुमारास रोप हलकेच उपटून पाहता येतं. गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लालसर दिसली तर नत्राचं काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर गाठ असूनही उपयोग नाही. नुसत्या गाठी मोजून खूश होण्यात अर्थ नाही.

घोडं अडतं ते पाकिटातच. युरियाची गोणी गोदामात पडून राहिली तरी युरियाच राहते. जिवाणू उन्हाने मरतो, मुदत संपली की मरतो, आणि तो ज्यात मिसळलेला असतो ती लिग्नाइटची (कोळशाची) भुकटी बाहेरून तशीच काळी दिसते. १९८३ मध्ये गाझियाबादला केंद्र काढून सरकारने जिवाणू खतांचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला, पण ती खतांचा दर्जा ठरवणाऱ्या खत नियंत्रण आदेशात यायला २००६ साल लागलं. सध्याच्या निकषानुसार भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, द्रवरूपात मिलिलिटरला १० कोटी. शेतकरी विश्वास ठेवत नाही, अशी दुकानदारांची तक्रार असते, पण इतकी वर्षं मेलेली पाकिटं घेतलेल्या शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा?

बाकीचं शेतकऱ्याच्या हातात. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी; गुळाच्या थंड द्रावणात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायचा, बियाणं सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं.