किन्शासाची लढत आणि 22 वर्षं रखडलेला माहितीपट

ऑलिंपिकवरचे जुने मोठे चित्रपट, मग ते 1936 च्या बर्लिनवरचे असोत की 1964 च्या टोकियोवरचे, यजमान देशांनी आधीच ठरवून आणि पैसा ओतून करून घेतले होते. 'व्हेन वुई वेअर किंग्ज'ची जन्मकथा याच्या अगदी उलट आहे. खेळावरचा हा माझ्या मते सर्वोत्तम माहितीपट. पण तो मुळात खेळावर निघणारच नव्हता.

1974 मध्ये दिग्दर्शक लिऑन गास्ट झाईरच्या (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) राजधानीत, किन्शासाला पोहोचले ते संगीत महोत्सव टिपायला. महंमद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या बॉक्सिंगमधल्या हेवीवेट विश्वविजेतेपदाच्या लढतीला जोडून जेम्स ब्राऊन, बी. बी. किंग, मिरियम मकेबा अशा कलाकारांचा हा जलसा ठरला होता. लढतीसाठी हुकूमशहा मोबुटूच्या सरकारने दोघांनाही प्रत्येकी 50 लाख डॉलर कबूल केले होते. तारीख होती 25 सप्टेंबर. आठवडाभर आधी सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली आणि लढत पुढे गेली. महोत्सव मात्र ठरल्याप्रमाणे पार पडला.

मधल्या पाच आठवड्यांनी या चित्रपटाचं नशीब पालटलं. कॅमेरे तिथेच होते आणि अलीला कॅमेऱ्याचं वावडं कधीच नव्हतं. व्हिएतनाम युद्धात लष्करात जायला नकार दिल्यामुळे 1967 मध्ये त्याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं होतं. आता वय 32, समोर 25 वर्षांचा अजिंक्य फोरमन. अली सराव करायचा, रस्त्यात पोरांशी गप्पा मारायचा, लोक 'अली, बोमा ये' (अली, त्याला मार) असा गजर करायचे. फोरमन आपल्यातच राहिला. त्यात तो जर्मन शेफर्ड कुत्रा घेऊन आलेला. बेल्जियन राजवटीतल्या पोलिसांचे कुत्रे लोक विसरले नव्हते. निव्वळ लढतीच्या चित्रणातून यातलं काही कळलं नसतं.

30 ऑक्टोबरला, अमेरिकेतल्या प्रेक्षकांची सोय म्हणून पहाटे 4 वाजता, लढत सुरू झाली. रिंगच्या दोरांना टेकून अलीने ठोसे झेलले, फोरमनला दमवलं आणि आठव्या फेरीत लोळवलं.

यानंतर चित्रीकरण पडून राहिलं. आधी पैसा आटला, मग मालकीवरून कोर्टकचेऱ्या. सुटका व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. एव्हाना अलीला पार्किन्सनने ग्रासलं होतं आणि त्याची ती अखंड वाणी क्षीण झाली होती. दिग्दर्शक टेलर हॅकफर्ड यांच्या मदतीने नॉर्मन मेलर आणि जॉर्ज प्लिम्प्टन या अमेरिकन लेखकांच्या नव्या मुलाखती घेतल्या गेल्या. हे दोघेही 1974 मध्ये लढतीच्या वेळी रिंगजवळ होते. आपण तेव्हा काय पाहिलं, याचा अर्थ लावायला त्यांना दोन दशकं मिळाली होती. चित्रपट वेळेत पूर्ण झाला असता, तर ही खोली त्याला आली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

1996 मध्ये तो प्रदर्शित झाला, 1997 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्या सोहळ्यात मंचाच्या पायऱ्या चढताना अलीला हाताला धरून नेलं ते फोरमननेच.

गास्ट जो जलसा टिपायला गेले होते, त्याचं बरंचसं चित्रीकरण तरीही शिल्लक होतं. त्यातून 2008 मध्ये 'सोल पॉवर' हा वेगळा चित्रपट निघाला.