शॅम्पेनच्या बाटलीवर तलवार आली कुठून?

मोबाईलवर हे दृश्य आता बहुतेकांनी पाहिलेलं असतं. एका हातात थंडगार शॅम्पेनची बाटली, दुसऱ्या हातात लांब तलवार. पातं बाटलीच्या अंगावरून सरकत वर जातं, मानेच्या कड्यावर आदळतं आणि काचेच्या कड्यासकट बूच उडतं. फ्रेंच लोक याला साब्राज म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला तलवारीचं नवल नाही. खंडेनवमीला घरातलं जुनं शस्त्र पाटावर मांडून हळदकुंकू वाहणारी घरं इथं आहेत, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावातच आहे. म्हणून असा व्हिडिओ बघितला की आपल्याकडं पहिला प्रश्न येतो तो धारेचा. खरं तर इथं धारेचं काही कामच नसतं. फटका मारायचा तो पात्याच्या बोथट पाठीनं. या प्रथेचा माग काढायचा तर तलवारीआधी बाटलीकडं बघावं लागतं.

शॅम्पेन हा फ्रान्सच्या ईशान्येकडचा थंड प्रदेश. तिथं थंडी पडली की वाइनचं आंबणं मध्येच थांबायचं आणि वसंतात ऊब आली की पुन्हा सुरू व्हायचं. दुसऱ्यांदा आंबताना तयार झालेला वायू बंद बाटलीत कोंडला जायचा, तेच ते बुडबुडे. ओव्हिलेच्या मठातले दों पेरिन्यों (१६३८ ते १७१५) यांना शॅम्पेनचा जनक म्हणायची पद्धत आहे, पण वाइनमध्ये बुडबुडे होऊ नयेत यासाठीच ते बराच काळ झटत होते. बुडबुड्यांची आवड आधी इंग्लंडात रुजली, आणि त्यामागं काच होती. जहाजबांधणीसाठी लाकूड वाचावं म्हणून १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजानं काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, उष्णता वाढली, काच जाड आणि कणखर झाली. वाइनमध्ये साखर घालून तिला फेसाळ करण्याची पद्धत ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्यानं लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढं मांडली ती १६६२ मध्ये.

फ्रान्समध्ये १७२८ च्या राजाज्ञेनं शॅम्पेन बाटल्यांतून पाठवायला मुभा मिळाली, आणि १७३५ मध्ये बाटली कशी असावी, बूच दोरीनं कसं बांधावं याचेही नियम झाले. तरी तळघरांत बाटल्या फुटतच राहिल्या. एक फुटली की तिच्या धक्क्यानं शेजारच्या फुटायच्या. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून आत जायचे. साखर किती घालावी याचं मोजमापच नव्हतं. ते १८३६ च्या सुमारास ज्याँ-बाप्तिस्त फ्रांस्वा या औषधविक्रेत्यानं बसवलं, तेव्हा कुठं हे नुकसान आटोक्यात यायला लागलं. जीव मुठीत धरून बाटल्या सांभाळणारी ही माणसं साब्राजच्या कथांत कुठंच दिसत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

कथा सुरू होते ती नेपोलियनच्या घोडेस्वारांपासून. बार्ब-निकोल क्लिको ही १८०५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली आणि नवऱ्याचा शॅम्पेनचा धंदा तिनं स्वतः उभा केला. बाटल्या हळूहळू फिरवत आतला गाळ मानेशी आणायची रीत तिच्या तळघरातून पुढं आली. तिच्याकडं पाहुणचाराला येणारे अधिकारी परत निघताना भेट मिळालेली बाटली घोड्यावरूनच तलवारीनं उघडायचे, असं सांगतात. एपर्ने गावचा शॅम्पेन व्यापारी ज्याँ-रेमी मोएत हा नेपोलियनच्या ओळखीतला, त्यामुळं त्याचंही नाव या गोष्टींत येतं. हे सगळं आख्यायिका म्हणूनच वाचावं. पण त्यात तथ्य असण्याजोगं एक कारण मला दिसतं. बुचावरची तारेची जाळी अडॉल्फ जाकेसों यानं १८४४ मध्ये आणली. त्याआधी बूच दोरीनं घट्ट आवळून वर लाखेसारखा लेप दिलेला असायचा. स्वाराच्या कमरेला पातं असताना ती दोरी तो नखांनी सोडत बसेल हे पटत नाही. दोरी कापता कापता कधीतरी मानच उडाली असेल, असा माझा कयास आहे.

ती तलवारही बघण्यासारखी आहे. फ्रेंच हुसार म्हणजे हलक्या घोडदळातल्या स्वारांचं सेबर, म्हणजे वाकडी तलवार, हंगेरीकडून आलं आणि हंगेरीत ते तुर्कांशी झालेल्या लढायांतून रुजलं. १७९८ च्या इजिप्त मोहिमेत तिथल्या मामलुक योद्ध्यांची वाकडी पाती पाहून फ्रेंच अधिकाऱ्यांत त्यांची हौसच पसरली. म्हणजे हा बाक पूर्वेकडून युरोपात गेला. त्याच्या उलट वाटेनं युरोपातली सरळ पाती पोर्तुगीजांकडून गोव्यामार्गे दख्खनेत उतरत होती. मराठ्यांची फिरंग ही तीच. चोर्ला घाटाच्या अलीकडं राहणाऱ्या आपल्या लोकांनी ही देवाणघेवाण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

नेपोलियनला १८१५ मध्ये वॉटर्लूवर हरवणारा वेलिंग्टन आपल्याच मुलखातून गेला होता, हे इथल्या पोरांना कुणी सांगत नाही. तेव्हा तो आर्थर वेलस्ली होता. स्वतःला उभयलोकाधीश म्हणवणाऱ्या धोंडिया वाघ या बंडखोराचा पाठलाग करत ३० जुलै १८०० रोजी त्यानं मलप्रभेकाठी मनोळीजवळ त्याच्या तळावर हल्ला केला. मनोळी म्हणजे सौंदत्तीकडची. पुढं १० सप्टेंबरला कोनगलला स्वतः घोडदळाच्या पुढं राहून त्यानं धोंडियाला गाठलं, आणि त्या लढाईत धोंडिया पडला. शॅम्पेनशी याचा संबंध नाही. पण ज्या जमान्यातून ही प्रथा आली तो घोडदळाचा जमाना आपल्याही नदीकाठानं पाहिला, एवढं यातून कळतं.

आता तलवारीची पाठ काच तोडते कशी ते पाहू. बाटलीत साधारण पाच ते सहा वातावरणांचा दाब असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा बाटलीवर उभ्या रेघेसारखा दिसतो. ती रेघ जिथं तोंडाच्या जाड कड्याला मिळते तिथं काच सर्वांत कमजोर असते. त्या जागी फटका बसला की बारीक चीर पडते आणि पुढचं काम आतला दाब करतो. चीर गोल फिरते, कडं आणि बूच एकत्र सुटून काही मीटर लांब जातात. नारळ वाढवतानाही जोरापेक्षा फटका नेमका कुठं बसला यावर सगळं असतं, तसंच हे. म्हणूनच जड सुरीच्या पाठीनंसुद्धा बाटली उघडते. साध्या वाइनच्या बाटलीत दाब नसतो, तिच्यावर हा प्रयोग करू नये.

या प्रथेला आजचं रूप फ्रान्समध्येच मिळालं. १९८६ मध्ये ज्याँ-क्लोद जालू यांनी 'कॉन्फ्रेरी द्यू साब्र द'ओर' ही मंडळी स्थापन केली आणि साब्राजला रीतसर सोहळ्याचं रूप दिलं. आपल्या बाजूला फेसाळ वाइन १९८० च्या दशकात नारायणगावच्या इंडेज या वाइन कंपनीनं आणली, आणि शांदों या फ्रेंच मूळ असलेल्या कंपनीनं २०१३ मध्ये नाशिक भागातून बाटल्या काढल्या. बाटली जवळ आली तशी तलवारीची हौसही आली.

या हौसेला आपल्याकडं कायद्याची बाजू आहे. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद धारदार पात्याला अधिसूचित भागात परवाना लागतो. तलवारीनं वाढदिवसाचा केक कापला म्हणून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातही येतात आणि कर्नाटकातही. साब्राजसाठी बनवलेली पाती बोथट असतात ती याच कामापुरती. खंडेनवमीला पूजलेलं घरातलं शस्त्र मात्र या खेळात काढू नये, असं मला ठामपणे वाटतं. त्या पात्याचा मान वेगळा आहे.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी बाटली बर्फाच्या पाण्यात पूर्ण गार करावी, कारण कोमट बाटली हातातच फुटू शकते. मानेवरचा कागद आणि जाळी काढून, बाटली तीस ते पंचेचाळीस अंशांत तिरकी, माणसांपासून दूर धरावी. डोळ्याला चष्मा हवा. दाबानं बारीक काच बाहेर फेकली जाते, तरी पहिला घोटभर ओतून द्यावा. तुटलेली कडा वस्तऱ्यासारखी असते, म्हणून बाटलीला तोंड न लावता ग्लासातच घ्यावं. उडालेलं कडं शोधून कागदात गुंडाळल्याशिवाय तिथं कुणालाही अनवाणी फिरू देऊ नये.