‘एकच शब्द तर बदलायचाय’ : ट्रायलच्या ऑनलाइन जाहिरातीबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

क्लिनिकल ट्रायलसाठी, म्हणजे नव्या औषधाच्या माणसांवरच्या चाचणीसाठी, सहभागी शोधणाऱ्या ऑनलाइन जाहिराती आम्ही चालवतो. मोहीम सुरू होऊन चार-पाच दिवस झाले की आम्हाला हमखास एक फोन येतो. ट्रायलचं रोजचं काम पाहणारे कोऑर्डिनेटर घाईत असतात, प्रतिसाद कमी असतो, ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीकडून, म्हणजे स्पॉन्सरकडून, रोज विचारणा होत असते. ‘जाहिरातीत “मोफत उपचार” एवढं टाका ना, एकच शब्द तर बदलायचाय.’ आम्ही नाही म्हणतो, आणि समोरचे नाराज होतात. तीच गोष्ट दर वेळी फोनवर समजावण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावी म्हणून हे पत्रक.

ट्रायलची संमती जाहिरातीपासूनच सुरू होते. माणूस संमतीपत्र वाचायला बसतो तेव्हा जाहिरातीतलं वाक्य त्याच्या मनात आधीच पक्कं बसलेलं असतं. म्हणूनच ट्रायल कशा करायच्या हे सांगणाऱ्या 1996 च्या आयसीएच-जीसीपी या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनी प्रोटोकॉल (ट्रायलचा लेखी आराखडा) आणि संमतीपत्राबरोबर सहभागी शोधायच्या जाहिरातीही एथिक्स कमिटीसमोर, म्हणजे सहभागींचं हित पाहणाऱ्या समितीसमोर, ठेवायला सांगितलं. कमिटी मंजुरी देते ती समोर ठेवलेल्या मजकुराला आणि चित्राला. त्यात शब्द घातला की ती वेगळी जाहिरात झाली, आणि ती कमिटीने पाहिलेलीच नाही.

त्यातही ‘मोफत उपचार’ हा शब्द सगळ्यात वाईट. बऱ्याच ट्रायलमध्ये कुणाला औषध आणि कुणाला प्लासिबो (औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं) मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. औषध चालतं की नाही हेच तर शोधायचं असतं. तरीही डॉक्टर आपल्यासाठी योग्य तेच देणार, असं धरून माणसं येतात. या गैरसमजाला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ पॉल ॲपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये ‘थेरप्युटिक मिसकन्सेप्शन’ असं नाव दिलं, आणि तो कमी करायला समुपदेशनात तास-तास जातो. जाहिरातीनेच तो पेरायचा आणि मग कोऑर्डिनेटरने उपटत बसायचं, यात कुणाचाच फायदा नाही. ‘नवीन औषध’ हेही तसंच. ‘चाचणीच्या टप्प्यातलं औषध’ म्हटलं की क्लिक कमी येतात, हे आम्हाला मान्य आहे. पण आलेली माणसं संमतीपत्र वाचून उठून जात नाहीत.

आता वेळ खरा कुठे जातो ते सांगतो, कारण बहुतेकांच्या हे लक्षातच येत नाही. शब्द तुम्ही बदलला नाहीत, तरी जाहिरातीचा प्लॅटफॉर्म बदलतो. पाच शीर्षकं आणि चार वर्णनं दिली की तो त्यांच्या जोड्या आपणच लावतो, चित्र कापतो, काही ठिकाणी मजकूर ‘सुधारून’ दाखवतो. ‘सांधेदुखीचा अभ्यास’ आणि ‘नेहमीच्या चालण्याकडे परत’ ही दोन वाक्यं कमिटीने वेगवेगळ्या जाहिरातींत मंजूर केलेली असतात. एकाखाली एक आली की ते बरं होण्याचं आश्वासन होतं. एका ग्राहकाने आम्हाला न कळवता हे स्वयंचलित बदल चालू केले. पुढे ट्रायलची तपासणी करणाऱ्या मॉनिटरने लोकांना प्रत्यक्ष दिसलेल्या जाहिरातींच्या प्रती मागितल्या, आणि त्यांतल्या निम्म्या मंजूर फाइलमध्ये नव्हत्या. मोहीम थांबली, खुलासे लिहावे लागले, आणि कमिटीच्या पुढच्या बैठकीची वाट पाहण्यात आठवडे गेले. एक शब्द वाढवून जे चार दिवस वाचणार होते, त्याची ही किंमत.

उपाय सोपा आहे, फक्त सुरुवातीला करावा लागतो. पहिल्याच अर्जाबरोबर सगळे पर्याय मंजूर करून घ्या : शीर्षकं, चित्रं, लांब-आखूड मजकूर, क्लिक केल्यावर उघडणारं पान (लँडिंग पेज), चाळणीच्या फॉर्ममधले प्रश्न, व्हॉट्सॲपवरचा पहिला मेसेज, फोनवर बोलायचा मजकूर, आणि कमेंटना द्यायची ठरीव उत्तरंही. कमेंटचं कुणाच्याच डोक्यात नसतं. एखादा सहभागी तिथे ‘मला गोळी लागू पडली’ किंवा ‘अंगावर पुरळ आलं’ असं लिहून जातो; पहिल्याने ब्लाइंडिंगला, म्हणजे कुणाला काय मिळतंय हे झाकून ठेवण्याला, धक्का बसू शकतो, दुसरं साइटच्या, म्हणजे ट्रायल चालू असलेल्या रुग्णालयाच्या, डॉक्टरांना लगेच कळवावं लागतं. हा सगळा संच आम्ही तयार करून देतो, तो मोहिमेच्या शुल्कातच धरलेला असतो, आणि जोड्या लावणारी सगळी बटणं आम्ही बंद ठेवतो.

‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ असा थेट प्रश्नही आम्ही लिहीत नाही. जाहिरातीने समोरच्याचा आजार ओळखल्याचा भास होतो, आणि फेसबुकच्या नियमांतही ते बसत नाही. ‘मधुमेह असलेल्या प्रौढांसाठी एक अभ्यास’ एवढं पुरतं. आजारांच्या विषयांवरून माणसं निवडायचे पर्याय फेसबुकनेच जानेवारी 2022 मध्ये काढून टाकले, तेव्हा ‘मधुमेहींनाच दाखवा’ ही मागणी आता तशीही पुरी होत नाही.

काही साइट आपल्या नोंदवहीतले मोबाइल नंबर पाठवतात आणि त्यांच्याशी मिळतेजुळते लोक प्लॅटफॉर्मवर शोधायला सांगतात. ती यादी उपचारासाठी जमलेली असते. तिच्यातल्या कुणी ती जाहिरात कंपनीला द्यायला हो म्हटलेलं नसतं, म्हणून आम्ही ती उघडतही नाही, परत पाठवतो. त्याच कारणाने आमच्या फॉर्मवर मागोवा घेणारा पिक्सेल (कुणी कोणतं पान उघडलं ते प्लॅटफॉर्मला कळवणारा छोटा कोड) नसतो. ‘तुम्ही पात्र नाही’ या पानाचा पत्ता बाहेर गेला, तर कुणाला कोणता आजार आहे हेही त्याबरोबर जातं. अपात्र ठरलेल्यांची उत्तरं आम्ही पुसून टाकतो.

मानधनाचा आकडा ठळक अक्षरांत नको, आणि निकषांची पूर्ण यादी जाहिरातीत नको. दोन्ही एकत्र दिसलं की लोक निकषांना साजेशी उत्तरं भरतात, आणि तुमची स्क्रीनिंगची रांग खोट्या वयांनी आणि खोट्या आजारांनी भरते.

आमचं शुल्क महाग वाटतं, कारण आम्ही दर सहभागीमागे पैसे घेत नाही. मोहिमेचं ठरलेलं शुल्क घेतो. माणशी पैसे मिळत असते तर पहिल्या फोनवर ‘नाही’ म्हणणाऱ्याचं मन वळवायचा मोह आम्हालाही झाला असता.

सगळे लोक ऑनलाइन नसतात, वयस्कर तर फारच कमी. फक्त मोबाइलवर शोधलेले सहभागी तरुण आणि शहरी निघतात, म्हणून ओपीडीतलं भित्तीपत्रक आणि डॉक्टरांची शिफारस चालू ठेवा. तो मजकूरही त्याच संचात घालतो.

पुढच्या ट्रायलच्या वेळी प्रोटोकॉलचा सारांश, संमतीपत्राचा मसुदा आणि कमिटीच्या बैठकीची तारीख, एवढं अर्ज जाण्याच्या दोन आठवडे आधी पाठवा. तारीख उलटून गेली असेल तर आधी फोन करा, म्हणजे मोहीम कधी सुरू होऊ शकते ते आम्ही त्याच दिवशी सांगू.