ग्रीक शोकांतिकेच्या नायकाला ‘दोष’ कुणी चिकटवला?

मोठ्या घराण्यातला, मोठ्या मनाचा माणूस. त्याच्या स्वभावात एक दोष. त्या दोषापायी सर्वनाश. साहित्याच्या परीक्षेत ग्रीक शोकांतिकेच्या नायकाबद्दल एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये ज्यांनी ही नाटकं लिहिली आणि पाहिली, त्यांच्यापुढे असा साचा नव्हता. तो पुढच्या दोन हजार वर्षांत हळूहळू तयार झाला, आणि त्यात सगळ्यात मोठा अन्याय ईडिपसवर झाला असं मला वाटतं.

अथेन्समधलं नाटक हा डायोनायसस देवाच्या वसंतातल्या उत्सवाचा भाग होता. अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर लोक जमत. तीन नाटककारांची स्पर्धा असे आणि प्रत्येकाच्या तीन शोकांतिका व एक सॅटर-नाटक, म्हणजे थट्टामस्करीचं छोटं नाटक, होई. कोरसचा, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाचा, खर्च एखादा श्रीमंत नागरिक उचलायचा. परंपरेनुसार इ.स.पू. ५३४ च्या सुमारास थेस्पिसने कोरसपासून वेगळा असा पहिला नट उभा केला. दुसरा नट इस्किलसने आणला आणि तिसरा सोफोक्लीसने. पुढे असे तीनच पुरुष नट मुखवटे बदलून सगळी पात्रं करत, स्त्रियांचीसुद्धा.

पात्रं बहुतेक जुन्या दंतकथांमधली असत, यालाही कारण आहे. इराणी सैन्याने मिलेटस शहर उद्ध्वस्त केल्यावर फ्रिनिकसने त्यावरच नाटक केलं. प्रेक्षक ढसाढसा रडले आणि ‘आमचंच दुःख आम्हाला दाखवलं’ म्हणून त्याला हजार ड्राख्मांचा दंड झाला, असं हिरोडोटस सांगतो. इस्किलसने इ.स.पू. ४७२ मध्ये ‘पर्शियन्स’ केलं तेव्हा दुःख शत्रूच्या घरी नेलं. सालामिसच्या लढाईला जेमतेम आठ वर्षं झाली होती आणि अथेन्सच्याच रंगभूमीवर फाटक्या कपड्यांतला हरलेला इराणी सम्राट झर्क्सिस आक्रोश करत होता. हरलेल्या शत्रूचा शोक ज्यांना इतका वेळ पाहवत होता, ते प्रेक्षक ‘याची चूक काय’ एवढाच हिशेब मांडायला बसले नसणार.

आता ईडिपसकडे येऊ. सोफोक्लीसचं ‘ईडिपस राजा’ बहुतेक अभ्यासक इ.स.पू. ४३० नंतरच्या काही वर्षांत ठेवतात. ४३० मध्येच अथेन्समध्ये भयंकर साथ आली होती, आणि नाटकही थीब्जमधल्या रोगराईनेच उघडतं. आधीच्या राजाचा, लायसचा, खुनी शहरात आहे आणि त्याचा बंदोबस्त केल्याशिवाय सुटका नाही, अशी देववाणी होते. तपास ईडिपस स्वतःच्या हाती घेतो, आणि खुनी तोच निघतो.

गुन्हा घडला तो फोकिस प्रांतातल्या एका तिठ्यावर. ‘तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील’ हे डेल्फीच्या देववाणीत ऐकल्यावर ईडिपस कॉरिंथला परत गेलाच नाही, कारण ज्यांना तो आईबाप समजत होता ते तिथे होते. तिठ्यावर समोरून रथ आला, त्याला वाटेतून ढकलण्यात आलं. त्याने सारथ्याला मारलं, तेव्हा रथातल्या म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यात पराणी घातली. ईडिपसने त्याला आणि बरोबरच्या माणसांना ठार केलं. ‘बघा, तापट स्वभाव!’ असं इथे बोट दाखवलं जातं. तो तापट आहेच. नाटकात तो आंधळ्या द्रष्ट्या टायरेसियसवर खेकसतो, राणीचा भाऊ क्रिऑन याला मृत्युदंडाची धमकी देतो, म्हाताऱ्या गुराख्याचे हात पिरगाळायला लावतो. पण नाटक सुरू होतं तेव्हा बापाचा खून आणि आईशी लग्न या दोन्ही गोष्टी होऊन कित्येक वर्षं उलटली आहेत. रंगभूमीवर दिसणारा त्याचा हट्ट सत्य बाहेर काढतो. पाप त्या हट्टातून आलेलं नाही.

सत्य बाहेर येण्याची ती घडी मला साऱ्या ग्रीक नाटकातली सर्वांत भेदक वाटते. कॉरिंथचा दूत त्याची भीती घालवायला म्हणून सांगतो की तू कॉरिंथच्या राजाराणीचा मुलगा नाहीसच. तेवढ्यावर योकास्टाला, म्हणजे त्याच्या राणीला, सगळं कळतं: तीच त्याची आई. ‘पुढे विचारू नकोस’ म्हणून ती विनवते आणि आत निघून जाते. मग गुराख्याला आणतात. ‘हाय, आता ते भयंकर सांगायची वेळ आली,’ असं तो म्हणतो. ईडिपसचं उत्तर: ‘आणि माझ्यावर ऐकायची. तरी ऐकायलाच हवं.’ पुढे डोळे फोडून घेतल्यावर तो म्हणतो की ही दुःखं अपोलोने आणली, पण घाव घातला तो हात माझाच. नायक कशाने होतो याचं सोफोक्लीसचं उत्तर मला या दोन ठिकाणी दिसतं.

हे प्रेक्षक न्यायालयांत ज्युरी म्हणूनही बसणारे होते, हेही विसरून चालत नाही. हेतुपुरस्सर केलेला खून आणि हेतूशिवाय झालेली हत्या यांत ड्रॅकोच्या जुन्या कायद्यानेच फरक केला होता. पहिल्या प्रकारचे खटले अॅरिओपेगसपुढे चालत, दुसऱ्या प्रकारचे पॅलेडिऑनमध्ये. पण रक्ताचा विटाळ हेतू पाहत नाही, अशीही श्रद्धा होती. ईडिपस या दोहोंच्या मधोमध सापडलेला आहे: दोष नाही आणि विटाळ मात्र पुरता. सोफोक्लीसच्या शेवटच्या नाटकात, ‘कोलोनसचा ईडिपस’मध्ये, म्हातारा ईडिपस क्रिऑनला विचारतो की तुला कुणी मारायला आला, तर ‘तू माझा बाप आहेस का’ हे आधी विचारशील का? सोफोक्लीसच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ४०१ मध्ये, त्याच्या नातवाने हे नाटक सादर केलं. त्यात हाच विटाळलेला माणूस मेल्यावर अथेन्सचा रक्षक ठरतो.

बाकीची नाटकं त्या साच्यात आणखीच कमी बसतात. इस्किलसच्या अॅगमेम्नॉनपुढे ट्रॉयवर निघताना दोनच वाटा असतात, मुलीचा बळी किंवा मोहिमेशी द्रोह, आणि दोन्ही घातकच. सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’त नायक अँटिगनी की क्रिऑन, यावर अजून वाद चालतो. युरिपिडीसची मिडीया तर स्वतःच्या मुलांना मारून सूर्याच्या रथातून निसटते. इ.स.पू. ४३१ मध्ये त्या नाटकाच्या संचाला तिसरा, म्हणजे शेवटचा क्रमांक मिळाला.

अॅरिस्टॉटल जन्मला इ.स.पू. ३८४ मध्ये. सोफोक्लीस आणि युरिपिडीस जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. म्हणजे ‘काव्यशास्त्रा’तलं विवेचन मागे वळून केलेलं आहे, नाटककारांना दिलेला नियम नव्हे. त्याच्या मते करुणा आणि भय जागवायचं तर अगदी सद्गुणी माणूस कोसळताना दाखवू नये, कारण ते किळसवाणं वाटतं. दुष्टाचा नाश दाखवला तर करुणा येत नाही. उरतो तो मधला माणूस, जो दुष्टपणाने नव्हे तर एखाद्या ‘हमार्शिया’मुळे, म्हणजे चुकीमुळे, पडतो. उदाहरणं ईडिपस आणि थायेस्टीस. पुढच्याच प्रकरणात तो म्हणतो की हत्या व्हायच्या आधी ओळख पटून ती टळते, ते कथानक सर्वांत सरस. आणि त्याच्या लेखी नाटकाचा प्राण कथानक आहे, स्वभावचित्रण नंतर.

मग दोष आला कुठून? इटलीत १४९८ मध्ये ‘काव्यशास्त्रा’चं लॅटिन भाषांतर छापलं गेलं, १५०८ मध्ये ग्रीक पाठ. तोवर बायबलच्या ग्रीक नव्या करारामुळे हमार्शियाला पापाचा अर्थ मुरलेला होता. सतराव्या शतकात नाटकाने पापपुण्याचा चोख निवाडा करावा अशी मागणी जोरात होती. त्या वातावरणात दुःख भोगणाऱ्याने काहीतरी केलंच असणार, ही समजूत सहज रुजली. १९०४ मध्ये इंग्रज समीक्षक ए. सी. ब्रॅडली यांनी शेक्सपिअरच्या नायकांचा नाश त्यांच्या स्वभावातून येतो अशी जी मांडणी केली, तीही मागे नेऊन ग्रीकांवर बसवली गेली.

मराठीत विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये ‘अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ आणलं, त्यामुळे मूळ मांडणी आपल्या वाचकांच्या हाताशी आहे. ऑक्सफर्डच्या ई. आर. डॉड्झ यांनी १९६६ च्या एका निबंधात ईडिपसला नैतिक दोष चिकटवणाऱ्यांचा खरपूस समाचार घेतला. हमार्शिया म्हणजे इथे वस्तुस्थिती ठाऊक नसल्याने घडलेलं कृत्य, आणि ईडिपसचं मोठेपण सत्य शोधण्यात व ते पेलण्यात आहे, असं त्यांचं म्हणणं. तरी गाइडांमध्ये जिथे दुसरा दोष सापडत नाही तिथे ‘ह्यूब्रिस’, म्हणजे अहंकार, असं हमखास लिहिलेलं असतं. अथेन्समध्ये ह्यूब्रिस हा दुसऱ्याला मारहाण करून किंवा अपमानित करून त्याची अब्रू घेण्याचा गुन्हा होता, त्यावर खटला भरता येई. अॅरिस्टॉटल नायकाचं वर्णन करतो तिथे त्याचा उल्लेखही नाही.