उमेदवाराची सचोटी (ख्रिस्ती मतविचार)

मत देताना पक्षाचे चिन्ह, जात किंवा घराणे पाहण्याआधी उमेदवाराचा व्यवहार तपासावा, हा ख्रिस्ती समाजातील एक जुना आग्रह. 'ख्रिस्ती उमेदवारालाच मत द्या' असा त्याचा अर्थ बऱ्याचदा लावला जातो. तो चुकीचा आहे; इथे कस लागतो तो हिशेबाचा, बाप्तिस्म्याचा नव्हे.

आधार मुख्यतः बायबलच्या जुन्या करारातला. निर्गम 18:21 मध्ये इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, न्यायनिवाड्यासाठी माणसे निवडायला सांगतो: कर्तबगार, देवभीरू, सत्याने वागणारी आणि लाचेचा तिटकारा असलेली. कर्तबगारी पहिली येते, हे विसरले जाते. भला पण निरुपयोगी माणूस या कसोटीला उतरत नाही. 1 शमुवेल 12:3 मध्ये म्हातारा शमुवेल लोकांसमोर उभा राहून विचारतो, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाच्या हातून लाच घेतली? पायउतार होताना दिलेला हा जाहीर हिशेबच. नव्या करारात प्रेषितांची कृत्ये 6 मधला प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषी विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर झाली, तेव्हा नावलौकिकाचे सात जण निवडले गेले आणि सातही नावे ग्रीक होती. म्हणजे सचोटी पाहिली, पण ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसे बहुधा पुढे आणली. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या सोलापुराला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

सोलापुरात या विचाराला एक कायदेशीर कडा आहे. सोलापूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (1956 पासून) आणि बौद्ध (1990 पासून) यांनाच मिळतो. त्यामुळे दलित ख्रिस्ती इथे मतदार असतो, पण या जागेवर उमेदवार होऊ शकत नाही. 'आपला माणूस' हा पर्यायच यादीत नसतो आणि दुसऱ्यांची पारख करणे एवढेच हाती उरते.

पारखीचे साधन म्हणजे शपथपत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांनंतर लोकसभा व विधानसभेच्या उमेदवाराला नमुना 26 मध्ये गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाहीर करावे लागते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही वाचता येते. महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोगाचे शपथपत्र वेगळे असते. वाचणारे बहुधा दोन ठिकाणी फसतात. पहिले, गुन्ह्यांची नुसती संख्या मोजतात. पाण्यासाठी रस्ता अडवल्याचे पाच गुन्हे आणि फसवणुकीचा एक यांत दुसरा जड. म्हणून कलम पाहावे, आरोप निश्चित झाले का तेही पाहावे. दुसरे, मालमत्तेचा एकूण आकडा पाहून दचकतात. जमिनीच्या रकान्यात खरेदीची किंमत आणि आजचा बाजारभाव दोन्ही असतात. जुन्या जमिनीचा भाव चढला तर त्यात नवल नाही. मागच्या शपथपत्रात नसलेली जमीन या वेळी कुठून आली, हा खरा प्रश्न. शिवाय त्यात उमेदवाराखेरीज जोडीदार, अविभक्त हिंदू कुटुंब आणि अवलंबून असलेले यांचीच मालमत्ता येते. कमावत्या भावाची किंवा पुतण्याची स्वतःची मालमत्ता येत नाही. तेवढ्यापुरती गल्लीतली माहिती शपथपत्राहून पक्की. महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असणे कायद्याने नगरसेवकपदाला अपात्र ठरवणारे असल्याने, कंत्राट नेमके कोणाच्या नावावर निघते तेही विचारावे.

हा आग्रह सर्वांत सोयीचा पडतो महापालिकेत. बहुसदस्यीय प्रभागात मतदाराला अ, ब, क, ड अशा बहुतेक चार जागांसाठी स्वतंत्र मते देता येतात. पक्षांचा सांगावा 'पॅनेल टू पॅनेल'चा, म्हणजे सगळी मते एकाच पक्षाला देण्याचा असतो, पण चार जागांवर चार पक्षांचे उमेदवार निवडायला आडकाठी काहीच नाही.

विधानसभेत आणि लोकसभेत तो लंगडा पडतो. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. प्रामाणिक आमदारही सभागृहात पक्ष सांगेल तिकडेच हात वर करतो, त्यामुळे तिथे पक्षाचे धोरण बाजूला ठेवून केलेली निवड भाबडी ठरते. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनाही पक्षांतराचे निर्बंध आहेत; मात्र नळ, गटार आणि दिवाबत्तीच्या कामात पक्षादेशाचा प्रसंग क्वचितच येतो.

मंडळीने (म्हणजे चर्चने) यात किती बोलावे, यालाही मर्यादा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123 नुसार, अमक्याला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल अशी भीती उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी घातली, तर तो भ्रष्ट आचार होतो. कॅथलिक चर्चचा अंतर्गत कायदाही धर्मगुरूंना पक्षकार्यात सक्रिय भाग घेण्यापासून अडवतो. व्यासपीठावरून कसोटी सांगावी, नाव घेऊ नये, असा संकेत त्यातून पडला आहे. तो मोडतो बहुधा निवडणुकीच्या तोंडावर, उमेदवार मंडळीच्या सभागृहाच्या छताला पत्रे किंवा आवाराला फरशी देऊ करतो तेव्हा. पाकीट घरी येवो की देणगी चर्चमध्ये, जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातील 16:19 ची लाच तीच: ती शहाण्याचेही डोळे आंधळे करते, असे ते वचन म्हणते. पावती फाडून घेतली म्हणून हे बदलत नाही.