स्लॉट, इन्टेंट आणि ‘पुण्याला’: व्हॉइस अ‍ॅप बनवण्यामागचा इतिहास

अलेक्सासाठी (अ‍ॅमेझॉनची बोलून चालणारी सहायक) पहिलं स्किल, म्हणजे तिच्यावर चालणारं छोटं अ‍ॅप, बनवायला बसलं की पहिल्या अर्ध्या तासात तीन शब्द गाठ घेतात: इन्टेंट, स्लॉट आणि सॅम्पल अटरन्स. इन्टेंट म्हणजे बोलणाऱ्याला नेमकं काय हवंय ते, स्लॉट म्हणजे वाक्यातली बदलणारी जागा (गाव, तारीख, वेळ वगैरे), आणि सॅम्पल अटरन्स म्हणजे लोक तीच गोष्ट कशा कशा शब्दांत विचारतील याची आपण बसून टाइप केलेली यादी. ट्युटोरियल वाचताना वाटतं हे सगळं स्मार्ट स्पीकरबरोबरच आलं, पण ही कल्पना त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती कुठून आली हे कळलं की मराठीत असं अ‍ॅप बनवताना घोडं नेमकं कुठे अडतं तेही कळतं, म्हणून जरा मागून सुरुवात करतेय.

एमआयटीमधल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 1966 मध्ये एलायझावर पेपर प्रसिद्ध केला. टाइप करून गप्पा मारणारा प्रोग्राम, आणि त्यातला मानसोपचारतज्ज्ञासारखं बोलणारा ‘डॉक्टर’ सगळ्यांना माहीत असतो. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते, ती म्हणजे इंजिन वेगळं ठेवलं होतं आणि स्क्रिप्ट वेगळी. डॉक्टर ही फक्त एक स्क्रिप्ट होती, ती काढून दुसरी घातली की तोच प्रोग्राम वेगळ्या विषयावर बोलणार. दुसऱ्याच्या इंजिनावर आपला संवाद लिहायचा, हे जे आपण आज करतो त्याचं मूळ इथे आहे.

स्लॉटची गोष्ट 1977 ची. कॅलिफोर्नियात पालो आल्टोला झेरॉक्सची पार्क नावाची लॅब होती, तिथल्या डॅनियल बॉब्रो आणि सहकाऱ्यांनी गस नावाची सिस्टीम केली, विमानप्रवास ठरवून देणारी. आपला रेल्वेचा रिझर्व्हेशन फॉर्म डोळ्यासमोर आणा, कुठून, कुठे, कधी, अशा रिकाम्या जागा. गसच्या पोटात असाच एक कोरा फॉर्म असायचा, त्याला ते फ्रेम म्हणत, आणि त्यातल्या रिकाम्या जागा म्हणजे स्लॉट. माणसाने ‘मला 28 मे ला सॅन डिएगोला जायचंय’ असं टाइप केलं की दोन जागा एकदम भरायच्या आणि उरलेल्या जागांसाठी गस प्रश्न विचारायचा. आजचं स्किल अजूनही जवळपास हेच करतं.

मग यात आवाज कधी आला? यंत्राला बोलणं ऐकवायचं काम समांतर चालूच होतं, 1976 मध्ये कार्नेगी मेलनमध्ये राज रेड्डींच्या ग्रुपची बोललेले शब्द ओळखणारी हार्पी ही सिस्टीम साधारण हजार शब्दांपर्यंत पोचली होती. पण सामान्य माणूस फोन उचलून मशीनशी बोलेल अशी वेळ यायला नव्वदचं दशक उजाडलं. 1997 मध्ये एमआयटीने ज्युपिटर सुरू केलं, टोल-फ्री नंबर लावायचा आणि 500 हून जास्त शहरांपैकी कुठलंही नाव घेऊन हवामान विचारायचं.

त्यानंतरचा टप्पा माझ्या मते सगळ्यात कमी आठवला जातो, आणि तो आठवायलाच हवा. 1999 मध्ये एटी अँड टी, आयबीएम, ल्युसेंट आणि मोटोरोला यांनी मिळून व्हॉइसएक्सएमएल फोरम काढला, 2000 मध्ये पहिलं व्हर्जन आलं आणि 2004 मध्ये व्हर्जन 2.0 वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं अधिकृत स्टँडर्ड झालं. वेबसाइट जशी टॅग लिहून बनवतात तसं फोनवरचं संभाषणही टॅगमध्ये लिहायचं, फॉर्म, त्यात फील्ड, प्रत्येक फील्डला एक ग्रामर, म्हणजे इथे कुठले शब्द चालतील त्याची यादी. माणूस काहीच बोलला नाही तर काय करायचं आणि बोलला पण समजलं नाही तर काय, यासाठी दोन वेगळे इव्हेंट होते, आणि आज स्किलमध्ये आपण जो रीप्रॉम्प्ट (परत विचारायचं वाक्य) लिहितो तो यातल्या पहिल्याचाच वारस. आणि हे ओपन स्टँडर्ड होतं, एका कंपनीच्या सर्व्हरसाठी लिहिलेलं अ‍ॅप थोड्या दुरुस्त्या करून दुसरीकडे चालवता यायचं, पुढच्या काळात ही सोय गेली.

आपल्याकडे तेव्हा फोनवरची मशीन म्हणजे ‘मराठीसाठी अमुक आकडा दाबा’. बोलून नाही, बटण दाबून, कारण भारतीय भाषा ऐकणारं इंजिनच हाताशी नव्हतं. तरी भारतात या विषयावर फार सुंदर काम झालंय. आयबीएमच्या इथल्या रिसर्च लॅबने 2007 च्या आसपास स्पोकन वेब मांडलं, साध्या फोनवरून कॉल करून, बोलून, आपली स्वतःची ‘व्हॉइससाइट’ बनवायची, कॉम्प्युटर नको, लिहिता-वाचता यायला नको, कस्टम व्हॉइस अ‍ॅप गावातल्या माणसाने स्वतः बनवायची ही कल्पना स्मार्ट स्पीकरच्या सात-आठ वर्षं आधीची आहे! गुजरातमध्ये त्याच विचारातून शेतकऱ्यांसाठी आवाज ओटलो ही फोनवरची सेवा चालली. आणि मराठीपुरतं बोलायचं तर टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि आयआयटी बॉम्बे इथे शेतमालाचे बाजारभाव मराठीत बोलून विचारता येतील अशी टेलिफोन सिस्टीम झाली, सहा भारतीय भाषांच्या एका मोठ्या सरकारी प्रकल्पाचा तो भाग होता. त्यासाठी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे आवाज मोबाइलवरून रेकॉर्ड केले होते, मागे वाऱ्याचा, गाड्यांचा, माणसांचा आवाज असायचाच. फॉर्म तोच, कुठला माल, कुठला जिल्हा, कुठला बाजार.

मग नोव्हेंबर 2014 ला अ‍ॅमेझॉनचा एको हा स्मार्ट स्पीकर आला, सात मायक्रोफोन, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ऐकणारा. जून 2015 मध्ये अलेक्सा स्किल्स किट सगळ्या डेव्हलपरना खुलं झालं आणि खरी धावपळ तिथनं सुरू झाली, कारण ऐकण्याचं अवघड काम अ‍ॅमेझॉन करणार आणि आपण फक्त इन्टेंट, स्लॉट आणि मागचा कोड द्यायचा, तोही लॅम्बडा या त्यांच्याच कोड चालवून देणाऱ्या सेवेवर टाकला की सर्व्हर सांभाळायची कटकट नाही. उत्तर मात्र आठ सेकंदांच्या आत द्यायचं. 2019 मध्ये स्किल्सचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. गूगलने सप्टेंबर 2016 मध्ये एपीआय डॉट एआय हे संभाषणाची अ‍ॅप्स बनवायचं साधन विकत घेतलं, त्याचंच पुढे डायलॉगफ्लो झालं, आणि त्याच वर्षी असिस्टंटवर अ‍ॅप बनवायची सोय दिली. अ‍ॅपलनेही 2016 मध्ये आपल्या सिरीसाठी सिरीकिट दिलं, पण ते ठरावीक विषयांपुरतंच. मायक्रोसॉफ्टचं कोर्टाना स्किल्स किट 2017 ला आलं आणि 2020 ला गेलंसुद्धा.

यात मराठी कुठे? ऑगस्ट 2018 मध्ये गूगल असिस्टंट मराठी बोलायला लागला, त्याच वर्षी अलेक्साने क्लिओ नावाच्या स्किलमधून लोकांकडून मराठीसकट भारतीय भाषांतली वाक्यं गोळा करायला सुरुवात केली. 2019 मध्ये अलेक्सा हिंदी बोलायला लागली, पण स्किल्स किटच्या भाषांच्या यादीत मराठी काही आली नाही. म्हणजे मराठी स्किल बनवायचं तर हिंदी किंवा भारतीय इंग्रजीच्या साच्यात मराठी वाक्यं कोंबायची, आणि ऐकणारं इंजिन हिंदी असलं की ‘उद्या’, ‘कुठली’, ‘सुटते’ हे शब्द त्याच्या ओळखीचेच नसतात.

आणि समजा मराठी आली असती, तरी त्या स्लॉटच्या साच्यात ती सहज बसली नसती, हे मला मुद्दाम सांगायचंय. इंग्रजीत गावाचं नाव तसंच राहतं, आधी एक छोटा शब्द लागतो एवढंच, हिंदीतही ‘पुणे से’, ‘पुणे में’, नाव सुटं. मराठीत पुण्याला, पुण्याहून, पुण्यात, पुण्याची, पुण्याच्या. साताऱ्याला, धुळ्याहून, कोल्हापुरात. नावाचं सामान्यरूप होतं आणि प्रत्यय त्याला चिकटतो, मग रिकाम्या जागेत ‘पुणे’ हा शब्द शोधणाऱ्या मशीनला तो सापडतच नाही. उपाय काय, तर प्रत्येक गावापुढे त्याची सगळी रूपं समानार्थी शब्द म्हणून लिहीत बसायचं, 50 गावं असली तर पाच-पाच रूपं धरली तरी 250 नोंदी, आणि त्यातही कोणी ‘पुन्याला’ म्हणणार, ते वेगळंच. वेळेचंही तसंच, पावणेआठला, साडेदहाला, दीडला, अडीचला. गाडी कितीला आहे, कितीची आहे, कधी सुटते, कधीये, सगळं एकच. मराठी माणूस बोलतो तसं लिहायला घेतलं की ती यादी संपतच नाही, आणि यात दोष मराठीचा नाही, 1977 चा तो फॉर्म इंग्रजी वाक्यावर बेतलेला होता.

शेवट मोठा चमत्कारिक झाला. गूगलने 2022 मध्ये सांगितलं की असिस्टंटवरची संभाषणाची अ‍ॅप्स बंद करणार, आणि 13 जून 2023 ला ती बंद झाली, लोकांनी मेहनतीने बनवलेली अ‍ॅप्स त्या दिवशी गेली, दुसरीकडे उचलून न्यायला व्हॉइसएक्सएमएलसारखं स्टँडर्ड नव्हतं. आणि त्याच 13 जून 2023 ला चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने आपल्या भाषेच्या मॉडेलमध्ये फंक्शन कॉलिंग आणलं. त्यात आपण सांगायचं, माझ्याकडे बसची वेळ सांगणारं फंक्शन आहे, त्याला कुठून, कुठे आणि कधी हे लागतं, बाकी वाक्य कसंही येवो, मॉडेल त्यातून जागा भरून देतं. नीट पाहिलं तर स्लॉट तेच आहेत, गसचे, फक्त हाताने टाइप केलेली यादी गेली. ‘उद्या सकाळी पुण्याहून साताऱ्याला जायला पहिली गाडी कधीये’ यातून पुणे, सातारा आणि उद्याची तारीख आता एकही रूप न लिहिता निघते.

आता खरी अडचण त्याच्या एक पायरी आधी आहे, बोललेलं मराठी अक्षरांत बरोबर उतरण्याची. बोललेलं अक्षरांत उतरवणारं ओपनएआयचं व्हिस्पर सप्टेंबर 2022 पासून मोफत वापरता येतं आणि त्यात मराठी आहे, पण ते शिकवताना मराठी ऑडिओ फार थोडा होता. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या गटाने भारतीय भाषांसाठी खुली मॉडेल्स दिलीत, सरकारचा भाषिणी हा भारतीय भाषांचा प्रकल्प 2022 पासून चालू आहे, आणि मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाज गोळा करणाऱ्या साइटवर कोणालाही मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो, दुसऱ्याने वाचलेलं ऐकून बरोबर की चूक सांगता येतं. वऱ्हाडकडचे, कोकणातले, खानदेशातले, साठी ओलांडलेले, जे बोलताना मध्येच थांबतात आणि वाक्य अर्धं सोडून नवीन सुरू करतात, असे आवाज तिथे हवेत, कारण घरात स्पीकरशी बोलणारी बरीच माणसं तशीच बोलतात.