डांबर संपल्यावर: टायरमधली हवा आणि दिवसाचं अंतर

गाडी ताब्यात घेण्याआधी हे पत्रक बरोबर येणाऱ्या सगळ्यांनी वाचावं, फक्त चालवणाऱ्याने नव्हे.

डांबर संपलं की पहिलं काम म्हणजे गाडी बाजूला घेऊन टायरमधली हवा कमी करणं. अनेकांना हे उलटं वाटतं. रस्ता खराब आहे म्हणून ते हवा वाढवून निघतात, आणि तिथेच चुकतं. टणक फुगवलेला टायर टोकदार दगडावर आदळून चिरतो. थोडी हवा काढलेला टायर तोच दगड पोटात घेऊन पुढे जातो. दाराजवळच्या पट्टीवर ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलं असेल, तर खडीवर २५-२६ ठेवा. मऊ वाळूत १८ पर्यंत खाली या, पण १५ च्या खाली नको, कारण वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. मोजणी सकाळी, टायर गार असताना करा. चालून तापलेला टायर गेजवर, म्हणजे हवा मोजायच्या काट्यावर, आकडा चढवून दाखवतो.

हवा कमी म्हणजे वेगही कमी. खडीवर ५०, वाळूत ३० च्या वर काटा जाऊ देऊ नका. मऊ टायर वेगात सतत दुमडतो, आतून तापतो आणि बाजूने फाटतो. बाजूने फाटलेला टायर पंक्चरवाल्यालाही दुरुस्त करता येत नाही. म्हणून डांबर पुन्हा लागलं की आधी हवा भरा. गाडीतला पंप थेट बॅटरीला जोडायचा आणि भरताना इंजिन चालू ठेवायचं. वेळ लागतो, लागू द्या.

काही कच्चे रस्ते पन्हळी पत्र्यासारखे आडव्या लाटांचे असतात. तिथल्या हादऱ्यांनी नट सैल होतात. आमच्या एका गाडीत जागेवरून सुटलेला जॅक दिवसभर पाण्याच्या कॅनवर घासत राहिला. मुक्कामाला पोचेपर्यंत कॅनला भोक पडून सगळं पाणी वाहून गेलं होतं. तेव्हापासून आम्ही जॅक पट्ट्याने आवळून देतो. तुम्ही रोज संध्याकाळी चाकांचे नट पान्याने तपासा आणि कॅरिअर हाताने हलवून बघा.

अंतर किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजा. अशा रस्त्यावर ताशी २५ ची सरासरी चांगली म्हणायची, म्हणजे २०० किलोमीटरला ८ तास. सूर्य मावळायच्या तासभर आधी मुक्काम गाठाच. अंधारात खड्डा आणि सावली यांतला फरक कळत नाही, आणि रस्त्यात बसलेली गुरं किंवा दिवे नसलेला ट्रक दिसतो तेव्हा ब्रेक मारायला वेळ उरलेला नसतो. टाकी निम्मी झाली की मिळेल तिथे भरून घ्या.

ओढा आडवा आला तर आधी कोणीतरी काठी टेकत चालत जाऊन तळ बघावा. जिथे माणसाला उभं राहता येत नाही, तिथे गाडीही घालू नये. बर्फ वितळून येणारं पाणी पहाटे सर्वांत कमी असतं, दुपारी चढतं. संध्याकाळी अडलात तर सकाळपर्यंत थांबा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर आतला दांडा वाकतो आणि इंजिन कायमचं जातं. गाडी ओढून बाहेर काढा. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढून या. स्टेपनी तुमच्याच हातांनी बदलून घेऊ, आणि गेज कसा वाचायचा तेही दाखवू.